नायट्रोजनच्या गोळ्यातले अकरा मिलिग्रॅम

काचेचा एक गोळा घ्या. त्यातली सगळी हवा काढून टाका आणि हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन त्यात भरा. वजन भरतं २.३१०२ ग्रॅम. आता तोच गोळा रिकामा करून अमोनियासारख्या संयुगांतून काढलेला नायट्रोजन भरा. वजन येतं २.२९९० ग्रॅम. गोळा तोच, तापमान तेच, दाबही तोच, आणि तरी ०.०११२ ग्रॅमचा फरक. अकरा मिलिग्रॅमच्या जरासा वर.

हे आकडे इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे. १८९२ ते १८९४ या काळात एसेक्स परगण्यातल्या टर्लिंग गावी, स्वतःच्या घरातल्या प्रयोगशाळेत त्यांनी ही वजनं केली. या अकरा मिलिग्रॅममागे एक अख्खं मूलद्रव्य दडलेलं होतं. ते दुर्मीळही नव्हतं. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात जवळजवळ एक टक्का असणारं ते मूलद्रव्य तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचं पहिलं प्रकरण बहुतेक वेळा द्रव्य आणि मोजमाप यांचं असतं. वस्तुमान, आकारमान, घनता, मिश्रण, संयुग, सार्थ अंक. व्याख्या पाठ करायच्या, दोन-चार उदाहरणं सोडवायची आणि पुढच्या, खऱ्या रसायनशास्त्राकडे वळायचं, अशी मुलांची समजूत असते. मला हे प्रकरण साऱ्या विषयाचा पाया वाटतं. कोरड्या व्याख्यांमधून ते पटत नाही, म्हणून रॅलेंच्या गोळ्यातून बघू. या एका प्रयोगात त्या प्रकरणातली जवळजवळ प्रत्येक कल्पना कामाला लागलेली दिसते.

वायूला वजन असतं, पण ते करायचं कसं?

द्रव्य म्हणजे जे जागा व्यापतं आणि ज्याला वस्तुमान असतं ते. दगड आणि पाण्याच्या बाबतीत हे सांगावंच लागत नाही. वायूच्या बाबतीत मात्र ते सिद्ध करून दाखवावं लागतं, कारण हवा हातात धरता येत नाही आणि तराजूत ठेवावी म्हटलं तर ती तराजूभोवती आधीच असते.

वस्तुमान म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे ते. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने खेचते ते. चंद्रावर गेलात तर वजन सुमारे एक षष्ठांश होईल, वस्तुमान तेवढंच राहील. दोन पारड्यांचा तराजू एका बाजूच्या वस्तूची दुसऱ्या बाजूच्या मापांशी तुलना करतो, त्यामुळे त्यावर प्रत्यक्षात वस्तुमान मोजलं जातं. बोलताना आपण 'वजन'च म्हणतो. या लेखातही मी तसंच म्हटलंय, आणि त्याने इथे काही बिघडत नाही.

आता अडचण बघा. रॅलेंचा गोळा साधारण १.८४ लिटरचा होता. तेवढ्या आकारमानाची वस्तू हवेत ठेवली की ती तेवढी हवा बाजूला सारते, आणि बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतकी हलकी भासते. पाण्यात उतरल्यावर माणूस हलका होतो, तोच आर्किमिडीजचा नियम. खोलीतल्या १.८४ लिटर हवेचं वजन साधारण सव्वादोन ग्रॅम. म्हणजे जो वायू मोजायचा त्याचं वजन जेवढं, जवळजवळ तेवढंच हलकेपण नुसत्या हवेमुळे येतं. त्यातून खोलीतली हवा सकाळी थंड, दुपारी गरम, कधी दमट. तिची घनता सारखी बदलत राहते.

यावरचा उपाय साधा आणि फार सुंदर आहे. दुसऱ्या पारड्यात बाहेरून तेवढ्याच आकाराचा, तोंड बंद केलेला दुसरा गोळा टांगायचा. हवेने एका गोळ्याला जितकं उचललं तितकंच दुसऱ्यालाही उचललं, हिशोब बरोबरीत सुटला. पण रॅलेंच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. गोळा आतून निर्वात केला की बाहेरच्या हवेच्या दाबाने काच अगदी किंचित आत दबते, गोळा सूक्ष्म लहान होतो आणि तो बाजूला सारत असलेली हवाही तितकीच कमी होते. आधीच्या नामांकित शास्त्रज्ञांच्या मोजमापांत ही चूक राहून गेली होती. रॅलेंनी तिचाही हिशोब धरला.

बर्फ कशासाठी?

आकारमान म्हणजे वस्तूने व्यापलेली जागा. घन आणि द्रव पदार्थांचं आकारमान तापमानाने थोडंफारच बदलतं. वायूचं मात्र चटकन बदलतं. दाब तोच ठेवून शून्य अंश सेल्सिअसचा वायू एक अंशाने तापवला, तर तो २७३ मधल्या एका भागाने फुगतो, म्हणजे सुमारे ०.३७ टक्के. आता रॅलेंना सापडलेला फरक टक्क्यांत काढा. २.२९९० मध्ये ०.०११२, म्हणजे ०.४९ टक्के. गोळ्याच्या तापमानात सव्वा अंशाची गफलत झाली असती तर हा सगळा शोध त्या गफलतीत बुडून गेला असता.

म्हणूनच वायू भरताना गोळा वितळत्या बर्फात ठेवलेला असे. बर्फ वितळत असेपर्यंत त्याचं तापमान शून्य अंशावरच राहतं. बाहेरून मिळणारी उष्णता तापमान वाढवण्यात खर्च न होता बर्फाचं पाणी करण्यात खर्च होते. निसर्गाने फुकट दिलेला हा तापमानाचा टेकू आहे. त्यासाठी थर्मामीटरवर भिस्त ठेवायची गरज नाही. दाबाचंही तसंच. हवेचा प्रमाण दाब ७६० मिलिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाइतका. तो वाचताना एका मिलिमीटरची चूक झाली तर उत्तरात ०.१३ टक्क्याची चूक शिरते.

मोजमापाचं एकक महत्त्वाचं असतं हे शाळेत सांगतात. एककाशिवाय आकडा म्हणजे नुसता आकडा, हे खरंच. पण वायूच्या बाबतीत एकक लिहूनही काम अपुरं राहतं. 'एक लिटर नायट्रोजन' या शब्दांना अर्थ येण्यासाठी 'कोणत्या तापमानाला आणि किती दाबाखाली' हे सांगावंच लागतं.

घनता काय सांगते आणि काय सांगत नाही

वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता. तिचं खरं महत्त्व असं की ती वस्तू किती आहे यावर अवलंबून नसते, वस्तू कसली आहे यावर असते. दहा ग्रॅम सोन्याचं आणि शंभर ग्रॅम सोन्याचं वस्तुमान वेगळं, आकारमान वेगळं, पण घनता एकच, दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. वस्तुमान आणि आकारमान हे राशीवर अवलंबून असणारे गुणधर्म. घनता, उत्कलनबिंदू, वितळणबिंदू हे राशीवर अवलंबून नसणारे. पदार्थाची ओळख पटवायची तर दुसऱ्या गटातले गुणधर्म लागतात.

म्हणून शुद्ध नायट्रोजनची घनता, तो कुठूनही आणला तरी, ठरावीक तापमानाला आणि दाबाला एकच यायला हवी. हवेतून आणा, अमोनियातून आणा, युरियातून आणा. नायट्रोजनला स्वतःचं मूळ आठवत नाही. या ठाम अपेक्षेमुळेच अकरा मिलिग्रॅम दखल घेण्याजोगे ठरले.

पण घनतेलाही मर्यादा आहे. दूध संकलन केंद्रावर दुधात लॅक्टोमीटर सोडतात तेव्हा मोजली जाते ती दुधाची घनताच. चांगल्या दुधाची घनता पाण्याच्या १.०३ पट असते. पाणी घातलं की ती उतरते. मात्र पाणी घालून वर साखर किंवा मीठ घातलं तर ती पुन्हा जागेवर येऊ शकते. आकडा चुकला की काहीतरी बिघडलंय एवढं घनता सांगते. काय बिघडलंय ते शोधायला दुसऱ्या चाचण्या लागतात. रॅले नेमके याच जागी अडकले होते. हवेतला नायट्रोजन जड होता की संयुगांमधला नायट्रोजन हलका होता? चूक कोणत्या बाजूला आहे, हेही त्या आकड्यांतून कळत नव्हतं.

मिश्रण आणि संयुग

हवा हे मिश्रण आहे. तिच्यातले घटक एकमेकांशी रासायनिक बंधाने बांधलेले नाहीत, प्रत्येकाने आपापले गुणधर्म राखलेले आहेत, आणि त्यांचं प्रमाण बदलू शकतं. पावसाळ्यात कोकणातल्या हवेत वाफ किती आणि उन्हाळ्यात विदर्भातल्या हवेत किती, याचा विचार केला की पुरे. अमोनिया हे संयुग आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजन रासायनिक क्रियेने जोडले जाऊन तो बनतो, आणि त्यात त्यांचं वस्तुमानी प्रमाण नेहमी १४ ला ३ असतं. तो कारखान्यात तयार झालेला असो की गोठ्यात, या प्रमाणात फरक पडत नाही.

हवेतून नायट्रोजन मिळवायचा म्हणजे बाकीचं काढून टाकायचं. कार्बन डायऑक्साइड अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या द्रावणात, शोषून घ्यायचा, वाफ कोरडं करणाऱ्या रसायनाने टिपायची, आणि ऑक्सिजनसाठी लालबुंद तापवलेल्या तांब्यावरून हवा न्यायची. तांबं ऑक्सिजनशी संयोग पावून काळं पडतं, उरतो तो नायट्रोजन. निदान सगळे असं धरून चालले होते. 'उरलं ते नायट्रोजन' हा निष्कर्ष मोजून काढलेला नव्हता, तो गृहीत धरलेला होता. अख्ख्या गोष्टीची मेख इथे आहे.

रॅलेंनी आधी वापरलेली पद्धत जरा वेगळी होती. हवा अमोनियाच्या तीव्र द्रावणातून नेऊन मग तापलेल्या तांब्यावरून सोडायची. हवेतला ऑक्सिजन अमोनियातल्या हायड्रोजनशी जुळून पाणी होतो आणि अमोनियातला नायट्रोजन मोकळा होतो. एकमेकांशी जुळणारी उत्तरं आली, काम झाल्यासारखं वाटलं. तरी एकाच पद्धतीवर विसंबायला नको म्हणून त्यांनी अमोनिया वगळून नेहमीच्या पद्धतीनेही नायट्रोजन काढला. तो हजारात एका भागाने जड निघाला.

हजारात एक भाग! दुसऱ्या कुणी खांदे उडवले असते. रॅलेंनी उलट केलं. छोटी विसंगती दिसली की ती झटकून टाकण्याकडे मनाचा कल असतो, पण ती मोठी करून बघावी म्हणजे कारण सापडतं, असं त्यांनी पुढे एका व्याख्यानात सांगितलं. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन अमोनियातून सोडला तर? मग सगळाच नायट्रोजन अमोनियातून येईल. हवेची पद्धत वापरताना त्या नायट्रोजनचा फक्त सातवा हिस्सा अमोनियातून येत होता. शुद्ध ऑक्सिजन वापरताच फरक हजारात एकाऐवजी दोनशेत एक झाला. आता तो नाकारता येणं शक्य नव्हतं. त्याआधीच, फरक हजारात एकाचाच दिसत असताना, सप्टेंबर १८९२ मध्ये त्यांनी 'नेचर' नियतकालिकाला पत्र पाठवलं, आपण बुचकळ्यात पडल्याचं मोकळेपणाने लिहिलं आणि रसायनशास्त्रज्ञ वाचकांकडे कारण विचारलं. इतक्या मानाच्या माणसाने असं उघडपणे विचारावं, हे मला त्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

चार दशांश स्थळांचं मोल

सार्थ अंक हा विद्यार्थ्यांना सर्वांत निरर्थक वाटणारा भाग. २.३ आणि २.३००० यांत काय फरक? गणिताच्या दृष्टीने काहीच नाही. मोजमापाच्या दृष्टीने प्रचंड. २.३ लिहिणारा माणूस म्हणतो की खरी किंमत २.२५ ते २.३५ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. २.३००० लिहिणारा म्हणतो की ती २.२९९९५ आणि २.३०००५ यांच्यामध्ये आहे. आकड्याच्या शेवटी लिहिलेलं शून्यही एक दावा असतो, आणि तो दावा करण्याइतकी आपली साधनं चांगली असावी लागतात.

रॅलेंचे आकडे दोनच सार्थ अंकांत लिहून बघा. हवेतला नायट्रोजन २.३, संयुगातला नायट्रोजन २.३. प्रश्नच मिटला, आणि त्याबरोबर शोधही मिटला. तीन अंकांत २.३१ आणि २.३०, इथे शंका येते, पण शेवटच्या अंकातली ही एकाची उडी तराजूचीही असू शकते. चार दशांश स्थळांपर्यंत गेल्यावर २.३१०२ आणि २.२९९० समोरासमोर उभे राहतात, आणि त्यांच्यातला फरक मोजमापाच्या अनिश्चिततेच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यांची वजनं आपसांत दहा हजारात एखाद्या भागाइतकी जुळत होती. शोध लावायला तेवढी बारकाई पुरेशी होती, आणि तिच्याहून फार कमी चालली नसती.

उलट बाजूही सांगायला हवी. कॅल्क्युलेटर भागाकार करून आठ दशांश देतो म्हणून ते सगळे उतरवून काढणं हे खोटं बोलणं आहे. साध्या काट्यावर ग्रॅमपर्यंत मोजलेलं वस्तुमान भागिले मोजपात्राने मिलिलिटरपर्यंत मोजलेलं आकारमान, याचं उत्तर आठ अंकांपर्यंत खरं असूच शकत नाही.

आता एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. हवेतल्या नायट्रोजनसाठी रॅलेंनी तीन वेगवेगळ्या मार्गांनी ऑक्सिजन काढून पाहिला. तापलेल्या तांब्याने २.३१०३, तापलेल्या लोखंडाने २.३१००, आणि फेरस हायड्रेट या लोहाच्या संयुगाने २.३१०२. आकडे एकमेकांशी किती छान जुळतात! पुन्हा पुन्हा मोजून तेच उत्तर येणं हा मोजमापाचा एक गुण. उत्तर खऱ्या किमतीच्या जवळ असणं हा दुसरा गुण. हे दोन गुण वेगळे आहेत. 'नायट्रोजनची घनता' म्हणून बघितले तर हे तिन्ही सुंदर जुळणारे आकडे चुकीचे होते. तराजूने चूक केली नव्हती. त्याने गोळ्यात जे होतं त्याचं वजन अगदी बरोबर सांगितलं. चूक होती ती गोळ्यावरच्या चिठ्ठीत, कारण आत नुसता नायट्रोजन नव्हता.

दोष कोणाचा?

पहिला संशय हलक्या नायट्रोजनवर गेला. त्यात थोडा हायड्रोजन राहिला असेल का? हायड्रोजन सर्वांत हलका वायू, जरासा शिरला तरी घनता उतरते. रॅलेंनी मुद्दाम हवेतल्या नायट्रोजनमध्ये हायड्रोजन मिसळला आणि नेहमीच्या शुद्धीकरणातून नेला. सगळा हायड्रोजन निघून गेला, वजन पूर्वीचंच आलं. मग नायट्रोजनचे रेणू फुटून सुटे अणू झाले असतील का? अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, रेणू म्हणजे अणूंची जोडलेली जुळणी. नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू असतात, ते सुटले तर वायू हलका भरेल. त्यांनी वायूतून विजेचा मूक विसर्ग सोडून पाहिला, वायू आठ महिने साठवून ठेवून पुन्हा तोलला. काही बदल नाही.

मग उरली दुसरी शक्यता. हवेतल्या नायट्रोजनमध्ये काहीतरी जड मिसळलेलं आहे. इथे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी सामील झाले. लालबुंद तापलेलं मॅग्नेशियम नायट्रोजन शोषून घेतं आणि मॅग्नेशियम नायट्राइड बनतं. रॅम्झींनी हवेतला नायट्रोजन अशा मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. वायू कमी कमी होत गेला आणि उरलेला जड जड होत गेला. शेवटी जो बुडबुडा राहिला तो मॅग्नेशियमला दाद देईना. त्याची घनता हायड्रोजनच्या जवळजवळ वीसपट. नायट्रोजनची चौदापट असते.

तिकडे रॅलेंनी एक जुना प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत ऑक्सिजन मिसळून त्यातून ठिणग्या सोडल्या होत्या. नायट्रोजन आणि ऑक्सिजन संयोग पावून तयार झालेले वायू अल्कलीत विरघळून जात. कितीही ठिणग्या पाडल्या तरी एक लहानसा बुडबुडा उरत असे, मूळ नायट्रोजनच्या फार तर १२०व्या भागाइतका, अशी नोंद कॅव्हेंडिश यांनी केली होती. तो बुडबुडा म्हणजेच हा नवा वायू होता. शंभराहून अधिक वर्षं ती नोंद छापील कागदावर पडून राहिली.

आणखी एक पुरावा मला विशेष आवडतो. मॅग्नेशियमने किंवा ठिणग्यांनी एखादा नवाच पदार्थ घडवला असेल, अशी शंका घेता येत होती. म्हणून दोघांनी रासायनिक क्रिया पूर्ण टाळून पाहिली. तंबाखू ओढायच्या लांब मातीच्या नळ्या घेतल्या, त्यांच्या बाहेर निर्वात केला, आणि आतून हवा संथपणे सोडली. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून हलके रेणू जास्त वेगाने बाहेर पडतात, जड मागे रेंगाळतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला आलेल्या हवेतला नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त जड भरला. मिश्रणाचे घटक भौतिक मार्गाने वेगळे करता येतात, संयुगाचे येत नाहीत, या धड्यातल्या ओळीचा इतका नेमका उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

१३ ऑगस्ट १८९४ रोजी ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी नव्या वायूची घोषणा केली. त्याचं नाव आरगॉन. त्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशातल्या वेगवेगळ्या रंगांच्या रेषा, विल्यम क्रुक्स यांनी तपासला आणि त्यातल्या लाल-हिरव्या रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळल्या नाहीत. मूलद्रव्याच्या वर्णपटातल्या रेषा त्याच्या बोटांच्या ठशांसारख्या विश्वासार्ह असतात.

अकरा मिलिग्रॅमवरून एक टक्का कसा निघतो?

हे गणित कुणालाही करता येईल, आणि ते केल्यावाचून या गोष्टीची खरी मजा येत नाही. १८११ मध्ये आव्होगाद्रो यांनी मांडलेलं तत्त्व असं: समान तापमानाला आणि समान दाबाला, समान आकारमानात कोणत्याही वायूचे रेणू सारख्याच संख्येने असतात. म्हणजे रॅलेंच्या गोळ्यात दोन्ही वेळा रेणूंची संख्या तेवढीच होती, साधारण ५ वर २२ शून्यं. संख्या तीच आणि वजन जास्त, याचा अर्थ काही रेणू जड होते.

नायट्रोजनच्या रेणूचं सापेक्ष वस्तुमान २८, आरगॉनचं ४०. नायट्रोजनच्या १०० रेणूंचं वजन २८००. त्यातला एक काढून तिथे आरगॉनचा एक अणू ठेवला तर २८१२. वाढ झाली १२ ची, म्हणजे ०.४३ टक्के. प्रत्यक्षात दिसलेली वाढ ०.४९ टक्के. म्हणजे शंभरात एकाहून थोडा जास्त आरगॉन. आजच्या मोजमापांनुसार कोरड्या हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५ टक्के आणि आरगॉन ०.९३ टक्के आहे. ऑक्सिजन वगळल्यावर आरगॉनचा वाटा १.१८ टक्के होतो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काचेच्या गोळ्यातून काढलेलं उत्तर आणि हे उत्तर किती जवळ आहेत बघा.

शोध सहजासहजी पचला नाही. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलेव्ह यांना हा नायट्रोजनचाच तीन अणूंचा रेणू असावा असं वाटत होतं. तीन अणू म्हणजे ४२, चाळीसच्या जवळच. पण या वायूतल्या ध्वनीच्या वेगावरून त्याचे अणू एकेकटे फिरतात हे निघालं. सारणीत त्याच्यासाठी घरच नव्हतं, एक पूर्ण नवा स्तंभ जोडावा लागला. १८९५ मध्ये रॅम्झींना युरेनियमच्या खनिजातून हेलियम मिळाला. १८९८ मध्ये मॉरिस ट्रॅव्हर्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधले. १९०४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रॅलेंना आणि त्याच वर्षीचं रसायनशास्त्राचं रॅम्झींना मिळालं.

रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स या दोघा रसायनशास्त्रज्ञांचा आपल्याशी थेट संबंध आहे. मुंबईच्या जमशेटजी टाटा यांच्या विज्ञान संस्थेच्या योजनेसाठी रॅम्झी १९०० मध्ये भारतात आले, देशभर फिरले आणि त्यांनी बंगळूरची जागा सुचवली. तिथे उभ्या राहिलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले संचालक हेच ट्रॅव्हर्स. आणि आज भोसरी किंवा चाकणच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये स्टेनलेस स्टीलच्या जोडकामाला 'आरगॉन वेल्डिंग' म्हणतात. वितळलेल्या धातूला ऑक्सिजन लागू नये म्हणून त्याभोवती या कशाशीच संयोग न पावणाऱ्या वायूचा पडदा धरतात.

हवेत एवढा आरगॉन आला कुठून?

आरगॉनचं अणुवस्तुमान ३९.९५ आणि सारणीत त्याच्या पुढच्या पोटॅशियमचं ३९.१०. हलकं मूलद्रव्य जडाच्या नंतर येतं, ही गोष्ट सुरुवातीला फार खटकत होती. पुढे मूलद्रव्यांचा क्रम अणुवस्तुमानावरून न ठरवता अणुक्रमांकावरून, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येवरून ठरवायचा हे स्पष्ट झालं आणि अडचण सुटली. पण आरगॉन इतका जड का, याचं उत्तर पोटॅशियममध्येच आहे.

निसर्गातल्या पोटॅशियममध्ये ०.०१२ टक्क्यांच्या आसपास पोटॅशियम-४० हे किरणोत्सारी समस्थानिक असतं, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण वस्तुमान वेगळं असलेला त्याच मूलद्रव्याचा प्रकार. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे १.२५ अब्ज वर्षं. त्याच्या क्षय होणाऱ्या दर शंभर अणूंतले अकराच्या आसपास अणू आरगॉन-४० मध्ये बदलतात, बाकीचे कॅल्शियममध्ये. पृथ्वीच्या खडकांतून अब्जावधी वर्षं असा आरगॉन तयार होऊन हवेत येत राहिला. कशाशी संयोग पावत नाही म्हणून तो साचत गेला. हवेतल्या आरगॉनपैकी ९९.६ टक्के आरगॉन-४० आहे.

यातूनच खडकांचं वय काढायची रीत निघाली. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा त्यातला आरगॉन निसटून जातो. तो थिजून खडक झाला की पुढे तयार होणारा आरगॉन आत अडकून राहतो. पोटॅशियम किती आहे आणि आरगॉन किती साचलाय हे मोजलं की मधला काळ निघतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे हे ठरवण्यात आरगॉनच्या अशा मोजमापांचा मोठा वाटा आहे.

हे काम किती नाजूक आहे याचा अंदाज घ्या. बेसॉल्टमध्ये अर्धा टक्का पोटॅशियम धरलं, तर एका ग्रॅम खडकात ६.६ कोटी वर्षांत साचलेला आरगॉन भरतो ग्रॅमच्या दोन ते तीन अब्जांश. आणि मोजायच्या यंत्राभोवती, नळ्यांच्या आत, खडकाच्या पृष्ठभागावर सगळीकडे हवा असते, जिच्यात एक टक्का आरगॉन आहे. रॅलेंना ज्याने चकवलं तो हवेतला आरगॉन इथे भेसळ म्हणून येतो आणि वजा करावा लागतो. त्यासाठी आरगॉन-३६ उपयोगी पडतो. तो पोटॅशियमपासून तयार होत नाही, आणि हवेत त्याच्या दर एका अणूमागे आरगॉन-४० चे सुमारे २९८ अणू असतात. नमुन्यात जितका आरगॉन-३६ सापडला, त्याच्या २९८ पट आरगॉन-४० हवेचा समजून वगळायचा. राहिलेला खडकाचा.